समान बळाचा रावण

‘रा.वन’च्या व्हिडिओ गेमवर लिहायचे ठरले तेव्हा आमच्यातल्याच दोघांनी नाके मुरडली (नाशिकमध्ये हा वाक्प्रचार जरा जपूनच वापरावा लागतो). पहिल्याचे म्हणणे असे की, २०११ साली आलेल्या आणि त्याच सुमारास विसरल्या गेलेल्या खेळाचे श्राद्ध आता कशासाठी घालायचे? दुसऱ्याचा आक्षेप अधिक गंभीर होता. हा साहित्याचा विषयच नव्हे. सिनेमाच्या जाहिरातीसाठी काढलेली ती एक चकती, टोप्या आणि डबे-दप्तरे यांच्याच रांगेतली. तिची समीक्षा करणे म्हणजे पाकिटावरच्या मजकुराचा रसास्वाद घेणे.

पहिल्या आक्षेपाला आमचे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, आणि हा लेख त्याच उत्तरासाठी लिहीत आहोत. कारण रूपांतर हा विषय आम्ही वर्गात शिकवतो. ‘झुंझारराव’ शिकवताना देवलांनी ऑथेल्लोचे काय केले हे सांगतो, मूळ आणि रूपांतर यांच्या तुलनेची टिपणे विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. समोरच्या मुलांनी मात्र रूपांतराचा पहिला अनुभव नाट्यगृहात घेतलेला नसतो. तो त्यांनी कॉलेज रोडवरच्या एखाद्या गेम पार्लरमध्ये किंवा मोठ्या भावाच्या खोलीत, हातात कंट्रोलर धरून घेतलेला असतो. त्या अनुभवाविषयी आपल्यापाशी दोनच शब्द आहेत: ‘मस्त’ आणि ‘भंकस’. हे दारिद्र्य विद्यार्थ्यांचे नाही, आपले आहे.

आता खेळाकडे. त्याआधी चित्रपट, कारण या प्रकरणातली गंमत आणि शोकांतिका दोन्ही तिथे आहेत.

अनुभव सिन्हा दिग्दर्शित ‘रा.वन’ २६ ऑक्टोबर २०११ रोजी, ऐन दिवाळीत प्रदर्शित झाला. लंडनमधल्या एका कंपनीत शेखर सुब्रमण्यम नावाचा गृहस्थ व्हिडिओ गेम तयार करतो. त्याचा मुलगा प्रतीक बापाला बावळट समजतो. मुलाला नायक आवडत नाहीत, खलनायक आवडतात. मुलाच्या नजरेत किंमत मिळावी म्हणून बाप असा खेळ रचतो की ज्यात खलनायक नायकाहून बलवान असेल, जवळजवळ अजिंक्य असेल. या खेळाला तीन पातळ्या आहेत. पात्राच्या शक्तीचे केंद्र म्हणजे ‘हार्ट’ नावाचे एक यंत्र. मरण शक्य होते ते केवळ शेवटच्या पातळीवर, म्हणजे हृदय मिळते तिथेच मर्त्यपणही येते. आणि मारण्यासाठी गोळी एकच. प्रतीक ‘ल्युसिफर’ हे नाव घेऊन खेळायला बसतो आणि डाव अर्धवट राहतो. खलनायक पडदा सोडून खऱ्या जगात येतो आणि ल्युसिफरला शोधू लागतो. शेखर मुलाला वाचवण्यासाठी ‘ल्युसिफर मीच’ अशी थाप मारतो. थाप पचत नाही, आणि शेखर मारला जातो.

चित्रपट आम्हांला फार आवडला होता असे मुळीच नाही. पहिल्या अर्ध्या तासातले दाक्षिणात्यांच्या नावाने केलेले विनोद आजही बघवत नाहीत, आणि उत्तरार्धात कथा वारंवार नाचगाण्याच्या आडोशाला जाऊन बसते. पण वर सांगितलेला सांगाडा पुन्हा एकदा वाचून पाहावा. व्हिडिओ गेम कशाचा बनतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो रचला आहे. त्यात नियम आहेत. नियमांना नैतिक वजन आहे. आणि मुळाशी असमानता आहे: समोरचा तुझ्याहून बलवान आहे, कारण तूच तसा मागितला होतास.

असा चित्रपट, ज्याचा विषयच एक व्हिडिओ गेम आहे. त्याचा व्हिडिओ गेम काढायचा तर निम्मे काम पटकथेने आधीच करून ठेवलेले. इतके सोपे आणि इतके आव्हानात्मक रूपांतर हिंदी चित्रपटाच्या वाट्याला क्वचितच आले असेल.

प्रत्यक्षात काय आले? चित्रपटाच्या सुमारे तीन आठवडे आधी, प्लेस्टेशन २ आणि ३ या यंत्रांसाठी, मारामारीचा एक खेळ. चित्रपटातल्या पात्रांपैकी हवे ते पात्र व्हा. प्रत्येकाच्या खास शक्ती, खास चाली. आवडला तर जी.वन व्हा, आवडला तर रा.वन व्हा. बटणे दाबा, समोरच्याला आडवा करा, पुढे चला.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. चित्रे ओबडधोबड होती, हालचालींना लय नव्हती, चारदोन लढतींनंतर सगळे तेच ते वाटू लागे, हे सारे खरे असले तरी दुय्यम आहे. मुख्य अपराध असा की, ज्या खलनायकाचे अस्तित्वच असमानतेवर उभे होते त्याला या खेळाने बरोबरीच्या आखाड्यात उभे केले. ‘कोणीही व्हा’ हे वाक्य ऐकायला उदार वाटते. पण जो कोणीही होऊ शकतो त्याचे भय उरत नाही. रा.वन हा निवडीच्या यादीतला एक चौकोन झाला, आणि त्या क्षणी तो रावण उरला नाही.

हे नाशिककरांना समजावून सांगावे लागू नये. आमच्या पंचवटीत सीतागुंफेसमोर बाराही महिने रांग असते. त्या रांगेतल्या आजीबाईला विचारा, रावण इथे कसा आला होता? ‘चाली’ खेळत नव्हे, भिक्षेकऱ्याच्या वेषात. त्याचे बळ बाहूंत होतेच, पण या जागेवर त्याने वापरले ते रूप बदलण्याचे बळ, समोरच्याच्या धर्मबुद्धीचा उपयोग करून घेण्याचे बळ. चित्रपटाला हे कळले होते. त्यातला रा.वन रूपे बदलतो, जवळच्या माणसाचा चेहरा घेऊन येतो. आणि शेवटी तो स्वतःच्या दहा आकृती उभ्या करतो, ज्यांतल्या एकीचीच सावली पडते. सावली ज्याची, तो खरा. दहा तोंडांची जुनी कल्पना इथे थेट खेळाचा नियम होऊन येते: बळ कामाचे नाही, नीट पाहा. ‘खेळत’ असताना खेळणाऱ्याने डोळे वापरावेत अशी इतकी सुंदर युक्ती आयती हाताशी होती. उत्तर मात्र ठोशांतच शोधले गेले.

नावांचेही तेच. रा.वन आणि रावण, जी.वन आणि जीवन. श्लेष बरा आहे, आणि नाव उलटेसुलटे करण्याची हौस आपल्याकडे जुनीच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले आणि नाशकातच देह ठेवलेले दादासाहेब फाळके जादूचे प्रयोग करत तेव्हा ‘प्रोफेसर केळफा’ होत. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली पहिली विज्ञानकथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती आद्याक्षरे उलटी करून, ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. पण नाव घेणे आणि नावाला कामाला लावणे यांत फरक आहे. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला वामन हा यंत्रमानव आहे. पुराणातल्या बटूचे नाव त्याला शोभेसाठी दिलेले नाही. लहानसे काही मागणारा पुढे किती जागा व्यापू शकेल, ही भीती त्या नावातून कादंबरीभर वाहत राहते. पुराण तिथे कथेच्या यंत्रणेत उतरले आहे. आपल्या खेळात ते वेष्टनावरच थांबले.

इथे नेहमीचे दोन युक्तिवाद पुढे येतात. आम्ही ते ऐकून ऐकून थकलो आहोत, तरी घेऊ.

पहिला: सिनेमावरचे गेम वाईटच असतात, जगभर असतात, ती घाईची हमाली असते. याला पुरावा म्हणून हटकून ‘ई.टी.’चे नाव निघते. स्पीलबर्गचा चित्रपट १९८२च्या जूनमधला. नाताळच्या बाजारासाठी अटारी कंपनीला खेळ हवा होता. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ नावाच्या एकट्या माणसाने तो सुमारे पाच आठवड्यांत लिहिला. खेळ सपशेल आपटला. न खपलेल्या मालाबरोबर त्याच्या प्रती १९८३ साली न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचरा-डेपोत पुरल्या गेल्या, आणि २०१४ साली लोकांनी त्या उकरूनही काढल्या. अपयशाचे असे उत्खनन दुसऱ्या कोणाच्या नशिबी आल्याचे आम्हांला आठवत नाही.

पण ‘ई.टी.’ खेळून पाहा. तो परग्रहवासी सारखा खड्ड्यात पडतो, मान लांब करून वर तरंगतो, पुन्हा पडतो. वैताग येतो, मान्य. तरी त्या वैतागात एक कल्पना आहे. त्या खेळात कोणाला मारायचे नाही. दूरध्वनीचे तीन तुकडे शोधायचे, घरी निरोप पाठवायचा आणि तोवर पकडणाऱ्यांना चुकवायचे. परक्या जागी अडकलेल्या, ताकद नसलेल्या जीवाची धडपड हा चित्रपटाचा गाभा होता, आणि वॉरशॉने पाच आठवड्यांत तोच गाभा नियमांत बसवायचा प्रयत्न केला. हात तोकडे पडले, पण हात योग्य दिशेला गेले होते. आमच्या लेखी तो थोर पराभव आहे. ‘रा.वन’चा पराभव त्या जातीचा नाही. तिथे काही करून पाहताना घसरण झाली असे दिसत नाही. करून पाहिलेच नाही.

दुसरा युक्तिवाद: आपल्याकडे पैसा नाही, तंत्र नाही, अनुभव नाही. हे ऐकून सहानुभूतीने मान डोलवायची पद्धत आहे. आम्ही डोलवणार नाही. प्लेस्टेशन २ हे यंत्र २००० सालचे. त्याच यंत्रावर २००५ साली फुमितो उएदा यांचा ‘शॅडो ऑफ द कोलॉसस’ आला. एक किरकोळ मुलगा, एक घोडा, आणि सोळा अजस्र प्राणी. बाकी शत्रू नाहीत, गावे नाहीत, उजाड माळ आहे. प्रत्येक राक्षस डोंगराएवढा. त्याच्या केसांना लोंबकळत वर चढायचे, हाताची पकड सुटत जाते, आणि शेवटी तो कोसळतो तेव्हा जिंकल्याचा आनंद होण्याऐवजी आपल्या हातून काहीतरी पाप घडले असे वाटत राहते. उएदांच्या संघाची सर आपल्याला येणार नव्हती हे कबूल. प्रश्न त्या चित्रांचा नाहीच. मुळात ‘समोरचा माझ्याहून फार मोठा आहे’ ही भावना त्याच यंत्रावर सहा वर्षांपूर्वी खेळाच्या नियमांतून उभी राहिली होती. ती ठेवायची की नाही, हा निर्णय पैशाचा नसतो. तो वाचनाचा असतो. मूळ कलाकृती कोणीतरी नीट वाचावी लागते.

आणि वाचणे हा आपला, साहित्यवाल्यांचा प्रांत आहे.

वि. वा. शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’मध्ये मॅक्बेथ मराठीत आणला, ते एक रूपांतर. पण नाशिकच्या या माणसाने १९७० साली ‘नटसम्राट’ लिहिले तेव्हा त्याने लियरचे जे केले ते आम्हांला या संदर्भात अधिक शिकवते. राज्य वाटून टाकणारा राजा मराठी मध्यमवर्गात कुठे सापडणार? शिरवाडकरांनी मुकुट, वादळ, तीन मुली यांची यादी करून एकेक वस्तू मराठीत आणली नाही. राज्य नसलेला राजा कोण, असा प्रश्न विचारला, आणि उत्तर मिळाले: निवृत्त नट. आयुष्यभर राजे वठवलेला, आणि ते सारे अंगातून न गेलेला गणपतराव बेलवलकर. लियरचे बाह्य तपशील गळून गेले आणि त्याची यंत्रणा शाबूत राहिली. जो देऊन टाकतो त्याला घर उरत नाही, हा नियम. ‘नटसम्राट’ हे लियरचे रूपांतर म्हणावे की नाही यावर वाद घालता येईल, पण लियर कसा चालतो हे ज्याला कळले होते त्यानेच ते लिहिले याबद्दल वाद नाही.

व्हिडिओ गेमच्या जगातही असे घडले आहे. ‘ब्लेड रनर’ चित्रपट १९८२चा; वेस्टवूड या कंपनीने १९९७ साली त्यावर खेळ काढला. चित्रपटाच्या नायकाला त्यांनी बाजूला ठेवले आणि त्याच शहरात, त्याच दिवसांत रे मॅकॉय हा दुसरा शोधक आणला. खरी करामत पुढे आहे. कोण माणूस आणि कोण कृत्रिम, हे काही पात्रांच्या बाबतीत खेळ सुरू होताना दरवेळी नव्याने ठरते. काल जो माणूस होता तो आज कदाचित नसेल. म्हणजे आधी खेळून आलेल्या मित्राची माहिती उपयोगी पडत नाही. चित्रपटातला संशय खेळणाऱ्याच्या डोक्यात जसाच्या तसा रुजतो. कथा वेगळी, पात्रे बरीचशी वेगळी, आणि तरीही रूपांतर इमानी. या उदाहरणाशेजारी ‘रा.वन’ ठेवून पाहा: पात्रे तीच, पोशाख तेच, आणि इमान कशाशीच नाही.

आमच्या दुसऱ्या मित्राचे म्हणणे आम्ही विसरलेलो नाही. पाकिटाची समीक्षा कशाला, असे तो विचारतो. खरी गोष्ट अशी की पाकीट म्हणून काढलेल्या वस्तूला आपण पाकीट म्हणून सोडून देतो, म्हणूनच पुढच्या वेळीही पाकीटच निघते. नाटकाच्या वाईट रूपांतरावर आपल्याकडे मागच्या शतकात रकानेच्या रकाने लिहिले गेले. कोणी म्हणाले नाही की कंपनीने धंद्यासाठी काढले, सोडा. संगीत नाटक मंडळ्याही तिकिटांवरच चालत होत्या. समीक्षेने त्या धंद्याला जाब विचारला, आणि नट-नाटककारांना कोणीतरी जाब विचारणारे आहे याची जाणीव राहिली. व्हिडिओ गेमला आपल्या भाषेत असा जाब विचारणारे कोण आहे? गुण देणारे आहेत. दहापैकी चार, पाचपैकी दोन. चित्रे किती, आवाज किती. ‘यात रावणाचे काय केलेत?’ हा प्रश्न गुणपत्रिकेत बसत नाही.

याच शहरात, आडगावच्या आवारात, डिसेंबर २०२१मध्ये ९४वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते नारळीकर, प्रकृतीमुळे प्रत्यक्ष येऊ न शकलेले. एका विज्ञानकथाकाराला आपण तो मान दिला याचा आम्हांला आनंद झाला होता, आणि आनंदापाठोपाठ अस्वस्थताही आली. मे २०२५मध्ये ते गेले. त्यांच्या पुस्तकांना श्रद्धांजली वाहणारे लेख आपण सगळ्यांनी लिहिले. पण विज्ञानकथा ज्या माध्यमात आज सर्वाधिक नांदते आहे, ज्या माध्यमातून आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात यंत्रमानव, परग्रह, कृत्रिम बुद्धी यांची पहिली चित्रे तयार होतात, त्याकडे मराठी विभागांतून कोणी पाहत नाही. पाहावे असे सुचवले तर नाके मुरडली जातात. असो.

शेवटी एक गोष्ट सांगतो. आमच्यापैकी एकाने रूपांतराचा घटक शिकवून झाल्यावर वर्गाला वेगळाच स्वाध्याय दिला. इगतपुरी तालुक्यातले टाकेद सगळ्यांना ठाऊक असते. जटायू तिथे पडला अशी श्रद्धा आहे. जटायू म्हातारा, रावण तरुण आणि शस्त्रसज्ज. जटायू जिंकणार नाही हे त्याला ठाऊक, आपल्यालाही ठाऊक. तरी तो आडवा येतो, आणि राम येईपर्यंत प्राण धरून ठेवतो, कारण निरोप द्यायचा आहे. ‘रा.वन’मधला शेखर दुसरा कोण आहे? ना शक्ती, ना शस्त्र, एक थाप मारून मुलाच्या आणि रावणाच्या मध्ये उभा राहिलेला बाप. त्या चित्रपटाचा खरा खेळ तिथे होता. तर स्वाध्याय असा: जटायूचा खेळ तयार करा. चित्र नको, संगणक नको. फक्त नियम, एका पानात.

मुले प्रथम हसली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, जटायूला लाइफ किती द्यायच्या?” कोणीतरी लगेच म्हणाले, “एकच.” त्यावर वर्गात वीस मिनिटे भांडण झाले. एकच आयुष्य आणि पराभव निश्चित, तर खेळणारा दुसऱ्यांदा खेळेल कशाला? एका मुलीने लिहून दिले की गुण मारल्याचे नकोत, उशीर केल्याचे हवेत. जितका वेळ रथ अडला तितके गुण. दुसऱ्या एकाने लिहिले की पंख तुटल्यावर खेळ संपू नये. पंख तुटल्यावर बटणे एकेक करून बंद पडावीत आणि शेवटी एकच चालू राहावे, श्वासाचे. ते राम येईपर्यंत दाबत राहायचे. राम किती वेळाने येईल हे खेळणाऱ्याला सांगायचे की नाही, यावर मात्र त्यांचे एकमत झाले नाही. ती पाने आमच्याकडे आहेत.